क जीवनसत्त्वासाठी सिल्व्हर नायट्रेट: छेद सगळीकडे काळा पडणे किंवा कोराच राहणे

आम्लयुक्त सिल्व्हर नायट्रेट वापरून अधिवृक्क (ॲड्रेनल, मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीच्या छेदात, म्हणजे सूक्ष्मदर्शकासाठी घेतलेल्या पातळ कापात, क जीवनसत्त्वाची जागा दाखवताना तीन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. पहिली तक्रार अशी की संपूर्ण छेद तपकिरी-काळा होतो आणि कोणता थर कोणता हेच कळेनासे होते. दुसरी, तुकड्याच्या कडेला काळी किनार येते आणि आतला भाग कोरा राहतो. तिसरी, चांदी कुठेच उतरत नाही. बहुतेक ठिकाणी यावर उपाय म्हणून सिल्व्हर नायट्रेटची बाटली बदलली जाते किंवा तुकडा द्रावणात आणखी तासभर ठेवला जातो, आणि दोन्हींनी फारसे काही साधत नाही. या तक्रारींची मुळे वेगवेगळी आहेत. ती शोधायची असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा काळा कण हा धातुरूप चांदीचा कण आहे, क जीवनसत्त्वाचा नव्हे, हे प्रत्येक पायरीवर ध्यानात ठेवावे लागते. चांदी जिथे पडली तिथे ती कशामुळे पडली, एवढाच प्रश्न आपण स्लाइडला विचारत असतो.

पद्धत तशी जुनी आहे. सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये अधिवृक्क ग्रंथींतून जे क्षपणक (इतरांना इलेक्ट्रॉन देणारे) आम्ल वेगळे काढले, तेच पुढे क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, ठरले, आणि १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये जिरू व लब्लाँ यांनी, तसेच जेफ्री बोर्न यांनी, ते ऊतीत जागच्या जागी दाखवण्यासाठी आम्लयुक्त सिल्व्हर नायट्रेट वापरले. ॲस्कॉर्बिक आम्लाचा एक रेणू चांदीच्या दोन आयनांचे क्षपण करतो, म्हणजे त्यांची धातुरूप चांदी करतो, आणि स्वतः डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल होतो. वजनाच्या हिशेबात १ मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्लाला सुमारे १.९३ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट लागते. म्हणजे १० टक्क्यांच्या १० मिलिलिटर द्रावणातले सिल्व्हर नायट्रेट ५०० मिलिग्रॅमहून अधिक ॲस्कॉर्बिक आम्लाला पुरून उरेल, आणि पांढऱ्या उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीत, जी या जीवनसत्त्वाने अतिशय समृद्ध मानली जाते, ते १ ग्रॅम ऊतीमागे साधारण ४ मिलिग्रॅम असते. चांदी कमी पडली म्हणून छेद कोरा राहिला, असे सहसा होत नाही, हे या एका हिशेबातून स्पष्ट व्हावे. द्रावण अधिक तीव्र करणे हा म्हणूनच सर्वांत शेवटी विचार करण्याचा उपाय आहे.

सगळीकडे काळे पडत असेल तर

सर्वांत आधी क्लोराइडचा शोध घ्यावा. ऊतीच्या द्रवात क्लोराइड असतेच. त्यात ग्रंथी काढल्यावर ती सवयीने सलाइनमध्ये धुतली की तुकड्याच्या पृष्ठभागावर आणि रक्तवाहिन्यांत क्लोराइडचा साठाच तयार होतो. सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकताच तिथे सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप बसतो. तो त्या क्षणी निरुपद्रवी दिसतो, पण प्रकाश लागला की जांभळट आणि मग तपकिरी-काळा होत जातो. छायाचित्रणाच्या कागदावर होते तेच इथे ऊतीत होते. म्हणून सलाइन पूर्णपणे वगळावे आणि रक्त धुण्यासाठी सुक्रोजचे ०.२५ मोलर द्रावण, म्हणजे सुमारे ८.५ टक्के, वापरावे. सुक्रोज स्वतः क्षपणक शर्करा नाही, आणि पेशी फुगणार नाहीत इतका परासरण दाब या द्रावणात असतो. धुणेही थोडक्यात आटोपावे, कारण ॲस्कॉर्बिक आम्ल पाण्यात सहज विरघळते आणि आपण रक्ताबरोबर तेही धुऊन टाकत असतो.

नळाच्या पाण्याचा संबंध या प्रयोगात कुठेही येता कामा नये. भांडी विसळण्याचे शेवटचे पाणीसुद्धा डिस्टिल्ड हवे. कॅनमधले पाणी डिस्टिल्ड आहे असे लेबलवर लिहिलेले असले तरी ते परीक्षानळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून पाहावा. किंचितशी दुधाळ छटा आली तरी ते पाणी या कामाचे नाही. ग्रंथी प्रयोगशाळेपर्यंत आणताना ती बर्फात थेट टाकू नये, कारण बर्फ नळाच्या पाण्याचाच असतो. कोरड्या झाकणाच्या डबीत ठेवून डबी बर्फात ठेवावी.

आणखी एक जागा अशी आहे जिथून क्लोराइड नकळत शिरते, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. द्रावणाचा सामू तपासण्यासाठी काचेचा इलेक्ट्रोड थेट सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवला जातो. त्या इलेक्ट्रोडमध्ये पोटॅशियम क्लोराइड भरलेले असते आणि ते थोडे थोडे बाहेर झिरपत असते. द्रावण गढूळ होते, शिवाय इलेक्ट्रोडचे छिद्र सिल्व्हर क्लोराइडने बुजून इलेक्ट्रोडही निकामी होतो. इथे सामू-कागदाची पट्टी पुरेशी आहे.

क्लोराइडनंतर सामू. या पद्धतीचा सगळा नेमकेपणा आम्लतेवर उभा आहे. सामू २ ते २.५ च्या दरम्यान, काळोखात आणि खोलीच्या तापमानाला ॲस्कॉर्बिक आम्ल चांदीचे क्षपण झपाट्याने करते, तर ऊतीतील इतर क्षपणक द्रव्ये, म्हणजे सल्फहायड्रिल गट, फिनॉलसारखी संयुगे, शर्करा, ती त्या वेळात जवळजवळ काहीच करत नाहीत. सामू वर सरकला की हा फरक पुसट होत जातो आणि चांदी कोणाच्याही हातून पडू लागते. ५ ते १० टक्के सिल्व्हर नायट्रेटमध्ये शुद्ध ॲसिटिक आम्ल घालून सामू खाली आणावा आणि तिथेच थांबावे. सामू 'स्थिर' करण्याच्या हेतूने सोडियम ॲसिटेट घालण्याचा मोह टाळावा: एक तर सामू वर जातो, आणि दुसरे म्हणजे सिल्व्हर ॲसिटेट पाण्यात फारसे विरघळत नसल्यामुळे त्याचे पांढरे चकचकीत स्फटिक खाली बसतात. फॉस्फेट बफर तर या ऊतीला लागूच देऊ नये.

तिसरे कारण फॉर्मॅलिन. ऊती आली की फॉर्मॅलिनमध्ये टाकायची, ही ऊतिशास्त्राच्या प्रयोगशाळेची पक्की सवय आहे आणि बाकी कामांना ती योग्यच आहे. पण फॉर्माल्डिहाइड स्वतः क्षपणक आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे फॉर्मॅलिनच्या पाण्यात तुकडा पडून असताना जीवनसत्त्व निघून गेलेले असते. अशा तुकड्यात नंतर जी चांदी दिसते तिचा क जीवनसत्त्वाशी काहीही संबंध लावता येत नाही. या पद्धतीत सिल्व्हर नायट्रेटचे आम्लयुक्त द्रावण हेच स्थिरीकरणही करते आणि दर्शनही घडवते. तुकडा ताजाच त्यात जायला हवा.

धातूच्या चिमट्याविषयीही लिहायला हवे. लोखंड चांदीला द्रावणातून बाहेर काढते. पोलादी चिमट्याने तुकडा द्रावणात धरला, तर चिमट्याच्या टोकावर करडा थर चढतो आणि तुकड्यावर चिमटा लागला त्या जागी काळा डाग उमटतो. काचकांडी किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरावा.

हायपोची पायरी आणि तिचा क्रम

सिल्व्हर नायट्रेटमधून काढलेला तुकडा डिस्टिल्ड पाण्यात धुऊन सोडियम थायोसल्फेटमध्ये, म्हणजे छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणतात त्यात, ठेवला जातो. न बदललेली चांदी आणि सिल्व्हर क्लोराइड दोन्ही हायपोत विरघळतात, धातुरूप चांदी राहते. मात्र सिल्व्हर क्लोराइडला प्रकाश लागून त्याची एकदा चांदी झाली, की ती आणि ॲस्कॉर्बिक आम्लाने पाडलेली चांदी यांत हायपो काहीच भेद करू शकत नाही. म्हणून हायपो पूर्ण होईपर्यंत काम काळोखात किंवा लाल दिव्याखाली झालेच पाहिजे. खिडकीजवळच्या टेबलावर तुकडा धुणे आणि नंतर हायपोत टाकणे, म्हणजे हायपोआधीच उजेड दाखवणे, हा क्रम उलटा आहे.

दुसरी अडचण याच पायरीवर येते ती आम्लाची. ॲसिटिक आम्ल नीट न धुता तुकडा हायपोत टाकला की थायोसल्फेट विघटित होते, द्रावणात गंधकाचा पिवळसर दुधाळपणा येतो, आणि चांदीबरोबर सिल्व्हर सल्फाइडची तपकिरी झाक सगळ्या छेदावर पसरते. 'सगळीकडे तपकिरी' अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारते: हायपो गढूळ झाले होते का? झाले असेल तर धुण्याचे पाणी दोनतीनदा बदलावे, आणि बदललेल्या पाण्याचा सामू पट्टीवर पाहून मगच पुढे जावे. हायपोत तुकडा रात्रभर ठेवणेही योग्य नाही, कारण अगदी बारीक चांदीचे कण दीर्घकाळात हळूहळू विरघळू शकतात आणि नेमके तेच कण आपल्याला हवे असतात.

कडेला काळे, आत कोरे

हे जवळजवळ नेहमी तुकड्याच्या जाडीमुळे होते. सिल्व्हर नायट्रेट ऊतीत सावकाश शिरते. तुकडा १ ते २ मिलिमीटरहून जाड असेल तर द्रावण मध्यापर्यंत पोहोचेपर्यंत आतल्या ॲस्कॉर्बिक आम्लाचे दोन परिणाम झालेले असतात: काहीचे ऑक्सिडीकरण होते, आणि काही द्रावणाच्या दिशेने सरकून जिथे चांदीला भेटते तिथे चांदी पाडते. किनारीवरचा गडद पट्टा मग तिथल्या पेशींमधले जीवनसत्त्व दाखवत नाही, तर द्रावण आणि जीवनसत्त्व यांची जिथे गाठ पडली ती रेषा दाखवतो. तीक्ष्ण पात्याने पातळ चकत्या कराव्यात, आणि निरीक्षण करताना सर्वांत बाहेरचा थर सोडून द्यावा.

बकऱ्याची अधिवृक्क ग्रंथी आडवी कापली की पिवळसर बाह्यक आणि आतले तांबूस मध्यक उघड्या डोळ्यांनीही वेगळे दिसतात. ताजी चकती काचेच्या बशीत आम्लयुक्त सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवून लाल दिव्याखाली पाहिली, तर काही मिनिटांत बाह्यकाचे कडे तपकिरी आणि मग काळे होऊ लागते, मध्यक मागे राहते. ही चकती छेद कापण्यासाठी मेणात बसवली जाण्याआधीच प्रयोग कुठवर नीट आला आहे ते सांगून जाते. कडे एकसारखे न होता ठिपक्याठिपक्यांनी काळे होत असेल तर रक्त आणि क्लोराइड; चकतीच्या दोन्ही बाजूंची फक्त कातडीच काळी होत असेल तर जाडी; आणि मध्यकासह सगळेच एकदम करडे होत असेल तर सामू, असे मी समजते. मायक्रोटोमवर (पातळ छेद कापण्याच्या यंत्रावर) बसण्याआधी ही चकती पाहण्याची पायरी कोणीही गाळू नये असे मला मनापासून वाटते, कारण मेणात बसवलेल्या तुकड्याची चूक दुरुस्त होत नाही.

मध्यक फिके दिसले म्हणून तिथे क जीवनसत्त्व नाही असे मात्र लिहू नये. मध्यकातील क्रोमॅफिन पेशींना नॉरॲड्रेनॅलिन तयार करताना ॲस्कॉर्बिक आम्ल लागते आणि त्यांच्यात ते भरपूर असते. उलट तिथले ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन स्वतःच क्षपणक असल्यामुळे, सामू वर गेला तर तिथे चांदी त्यांच्यामुळेही पडते. मध्यकाबद्दल या एकाच रंजनावरून कोणतेही विधान करणे मी टाळते.

छेद पूर्ण कोरा राहिला तर

इथे द्रावणाकडे पाहण्याआधी प्राण्याकडे पाहावे. ताण आला की अधिवृक्क ग्रंथीतील ॲस्कॉर्बिक आम्ल झपाट्याने घटते. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की सेयर्स आणि सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये त्यावर अधिवृक्क ग्रंथीला चालना देणारे ॲड्रिनोकॉर्टिकोट्रॉपिक संप्रेरक मोजण्याची पद्धतच बसवली: पीयूषिका (पिट्युटरी ग्रंथी) काढलेल्या उंदराची एक अधिवृक्क ग्रंथी आधी काढायची, संप्रेरक टोचायचे, आणि तासाभराने दुसरी काढून दोन्हींतील फरक मोजायचा. ज्या प्राण्याला मृत्यूपूर्वी बराच वेळ दाटीवाटीत, भीतीत किंवा उन्हात राहावे लागले त्याच्या ग्रंथीत जीवनसत्त्व मुळातच उरलेले कमी असते, आणि ते रंजनाच्या कौशल्याने परत येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन बंद केल्यापासून आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळा ही ग्रंथी कत्तलखान्यातून आणतात. तिथे मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीसकट ती मागून घ्यावी, कारण सोलून दिलेल्या ग्रंथीचा बाहेरचा थर फाटलेला असतो आणि कित्येकदा ती पाण्याने धुतलेली असते. शक्य असेल तर काचेच्या छोट्या बाटलीत आम्लयुक्त सिल्व्हर नायट्रेट, बाटलीला बाहेरून काळा कागद, आणि एक नवे पाते सोबत न्यावे, व चकत्या जागेवरच द्रावणात टाकाव्यात. ग्रंथी दुपारपर्यंत पिशवीत राहिली आणि मग रंजन नीट आले नाही, तर त्यात रंजनाचा दोष नाही: मृत्यूनंतर ॲस्कॉर्बिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होत राहते, आणि डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल ही पद्धत दाखवत नाही. ते आधी हायड्रोजन सल्फाइड वायूने क्षपित करून मग दाखवण्याची रीत जुन्या लेखनात आहे. तो वायू विषारी आहे, आणि ऊतीत त्याचा अंश उरला तर सिल्व्हर सल्फाइडमुळे सगळेच काळे होते. पदव्युत्तर वर्गाने त्या वाटेला जाऊ नये.

पाण्यातले द्रावण वापरून कण अस्पष्ट आणि पसरलेले येत असतील तर अल्कोहोलमधले आम्लयुक्त सिल्व्हर नायट्रेट थंड ठेवून वापरता येते. त्यात ॲस्कॉर्बिक आम्लाचे सरकणे कमी होते. या अल्कोहोलयुक्त द्रावणाच्या नेमकेपणाबद्दल एन. जे. चिनॉय यांचा १९६९ चा लेख आहे आणि भारतातील प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांत ही रीत परिचित आहे. मात्र एक सूचना अक्षरशः पाळावी. या मिश्रणात ॲसिटिक आम्लाऐवजी नायट्रिक आम्ल कधीही घालू नये. चांदी, नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल एकत्र आले की सिल्व्हर फल्मिनेट हे स्फोटक संयुग तयार होऊ शकते. तसेच चांदीच्या टाकाऊ द्रावणात अमोनिया मिसळून बाटली ठेवून देऊ नये. त्यातूनही काळाने स्फोटक पदार्थ बनतो. टाकाऊ द्रावणात मीठ घालून चांदी क्लोराइडच्या रूपात खाली बसवावी आणि ती वेगळी साठवावी.

खात्री कशी करावी

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, नसलेली स्लाइड मी स्वीकारत नाही. एक चकती सिल्व्हर नायट्रेटशिवाय, फक्त त्याच सामूच्या ॲसिटिक आम्लात ठेवून पुढे तशीच न्यावी. बाह्यकाच्या आतल्या थरात वयपरत्वे लिपोफ्युसिन हे तपकिरी रंगद्रव्य साठलेले असते आणि ते चांदी समजून मोजले जाते. दुसऱ्या चकतीतील जीवनसत्त्व ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज या विकराने (एन्झाइमने) संपवावे. हे विकर काकडी आणि भोपळा यांच्या कुळातील फळांत विपुल असते, पण कंट्रोलसाठी शुद्ध केलेलेच घ्यावे. या चकतीसोबत विकर नसलेल्या बफरमध्ये तितकाच वेळ ठेवलेली तिसरी चकती लागते. ती नसेल तर जीवनसत्त्व विकराने संपवले की पाण्याने वाहून नेले, हे ठरवता येत नाही.

सर्वांत बोलका कंट्रोल गिनीपिगचा असतो. उंदीर आणि बकरा क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतात, गिनीपिगला माणसाप्रमाणे ते आहारातूनच घ्यावे लागते. त्यामुळे क जीवनसत्त्वरहित आहारावरील गिनीपिगच्या ग्रंथीत चांदी जवळजवळ दिसू नये. त्यासाठी नव्याने प्राणी वापरणे संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीच्या मंजुरीशिवाय होत नाही, आणि वर्गातील प्रात्यक्षिकासाठी तसे करूही नये; विभागाकडे अशा ग्रंथीचे, चांदीची प्रक्रिया आधीच करून मेणात बसवलेले जुने ठोकळे असतील तर ते वापरावेत.

द्रावण काम करते आहे का, हे पाहायला गाळणकागदावर शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्लाचा ताजा थेंब आणि शेजारी ग्लुकोजचा थेंब पुरेसा आहे. काही जण यासाठी आवळ्याचा रस घेतात. आवळ्यात क जीवनसत्त्व आहे यात शंका नाही, पण त्यातली टॅनिन आणि गॅलिक आम्ल हीही क्षपणक द्रव्ये आहेत, म्हणून ती चाचणी शुद्ध राहत नाही.

आणि ग्रंथी दोन असतात, याचा उपयोग करून घ्यावा. एक रंजनाला, दुसरी मेटाफॉस्फोरिक आम्लात वाटून २,६-डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉलच्या अनुमापनाला, म्हणजे त्या रंगद्रव्याच्या मदतीने जीवनसत्त्वाचे प्रमाण मोजायला. अनुमापनात जीवनसत्त्व भरपूर निघाले आणि छेद कोरा असेल तर चकतीची जाडी, धुण्याचा वेळ आणि हायपो यांकडे परत जावे. अनुमापनही कमी आले तर रंजनात काही बदलू नये. ग्रंथी कुठून, किती वाजता आणि कशी आणली ते बदलावे. अनुमापन कमी आणि छेद मात्र काळाभोर, असे आले तर ती स्लाइड अहवालात घेऊ नये, आणि पाण्याच्या कॅनमध्ये सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकण्यापासून पुन्हा सुरुवात करावी.